डोळे मिटा, बोट वर

मामांच्या एका हातात स्टीलचा थर्मास असायचा आणि दुसऱ्या हातात तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच. निवृत्त होताना हा पंच डेपोत जमा करायचा असतो. मामांचा जमा करायचा राहून गेला, असं ते सांगत. ऐकणाऱ्यानं त्यावर हसायचं नाही, एवढंच. पंचानं थर्मासवर एक टोला पडला की थांबायचं, दोन पडले की चालायला लागायचं. तळ्याकाठच्या पायवाटेवर बोलायला बंदी होती, आणि ती मामांनीच घातलेली होती. त्यामुळे रविवारी पहाटे पक्षी बघायला जमलेली सगळी मंडळी या टोल्यांवर चालायची. बँकेतले मोठे साहेब असोत नाहीतर कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, एक टोला पडला की पाय जागच्या जागी. कुणी पुढे गेलंच तर मामा त्याला काही बोलत नसत, नुसतं बघत. बसच्या पायरीवर लोंबकळणाऱ्याकडे त्यांनी आयुष्यभर ज्या नजरेनं बघितलं, तीच ही नजर. माणूस आपसूक मागे यायचा.

दोनदा घंटी म्हणजे बस सुटायची खूण. त्यावरून पाठीमागे सगळे त्यांना डबलबेल म्हणत. तोंडावर मात्र मामा.

मामा पक्ष्यांकडे वळले ते कंडक्टरकी करता करताच. त्यांच्या बसचा शेवटचा स्टॉप या तळ्याच्या कडेला होता. तिथे बस वळायची, उभी राहायची, ड्रायव्हर स्टीअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढायचा. इंजिन बंद पडलं की मामांच्या कानांना जाग यायची. दिवसभर माणसांची कलकल, ब्रेकांचं कोकलणं, पोरांची रडारड, आणि मग एकदम ही शांतता, आणि त्या शांततेत बोरूच्या रानातून येणारे आवाज. तळ्याचा हा एक काठ बोरूनं गच्च भरलेला, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला. आत काय आहे ते दिसायची सोय नाही. मामांकडे दुर्बीण नव्हती की पुस्तक नव्हतं. ते पायरीवर बसायचे आणि एकेक आवाज सुटा करायचे. नावं त्यांनी आपली आपणच ठेवली. टिटवीला ते ‘मागचा दरवाजा’ म्हणत, कारण तो उघडता-मिटताना करकरतो तशी ती ओरडते. आणि बोरूच्या मुळाशी बसून न थकता किरकिर करणारा, कधीच न दिसणारा जो एक पक्षी होता, त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘सुट्ट्यावरून भांडणारा’.

पुढे त्यांना कळलं की त्याचं नाव वटवट्या. बोटाएवढा, मातकट रंगाचा, थंडी पडली की कुठल्या कुठून उडत येतो आणि उन्हं तापली की परत जातो. हे सांगणारा होता फोटो स्टुडिओवाला. तो एकदा सकाळी भलीमोठी लेन्स बोरूकडे रोखून वैतागला होता, आणि सोबतच्या नर्सबाईंना सांगत होता की इथं काही नाही, चला. खाकी कपड्यातला एक माणूस बसच्या पायरीवरून म्हणाला, “आहे. डावीकडे, खाली. भांडतोय.” स्टुडिओवाल्यानं वाट बघितली आणि त्याला त्याच्या जन्मातला पहिला वटवट्याचा फोटो मिळाला. शेपटी तेवढी फ्रेमच्या बाहेर गेली. ते शेपूट नसलेलं चित्र अजून त्याच्या स्टुडिओत लग्नाच्या फोटोंच्या मधोमध लावलेलं आहे, आणि गिऱ्हाइकं विचारतात, हे काय.

त्या सकाळपासून मंडळ सुरू झालं. मंडळ म्हणजे नर्सबाई, स्टुडिओवाला, एक पोस्टमन, कॉलेजातल्या बाई, आणि ज्या ऋतूला ज्याला हौस येईल तो. पक्षी बघणं हा या कामातला गोड भाग. बाकीचा भाग गुडघाभर चिखलात. झुडपात अडकलेले गळाचे दोरे सोडवायचे, बाटल्या वेचायच्या, पिशव्या उपसायच्या, शाळेतल्या पोरांना फिरवून आणायचं. व्यासपीठावर उभं राहून निसर्गावर बोलणारे बरेच असतात. त्यांच्या चपलेला चिखल लागलेला असतो का ते आधी बघावं. मामांनी एकदा काठावर गाडी लावून बसलेल्या एका कुटुंबाची बाटली पाण्यातून काढली, पुसली आणि “आपलं सामान राहिलं” असं म्हणून गाडीच्या काचेतून आत टाकली. भांडण झालं. मामांना भांडणाचा कंटाळा नव्हता. पण नंतर त्या गाडीवाल्याला त्यांनी थर्मासमधला चहाही दिला, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच माणूस पिशव्या उपसायला आला. मामांचं सगळं असंच. आधी डोकं फिरायचं, मग मन वळायचं, आणि ही दोन कामं एकदम करायला त्यांना कधी जमलं नाही.

मंडळाचा एक रिवाज होता, आणि तो दुसऱ्या कुठल्या मंडळात असेल असं वाटत नाही. थंडीतली पक्ष्यांची गणती असायची. पाण्यावरचे पक्षी डोळ्यांनी मोजायचे, पण बोरूतले मोजणार कसे? ते दिसतच नाहीत. तेव्हा मामांनी पद्धत घालून दिली. सगळ्यांनी बोरूसमोर रांगेत उभं राहायचं, डोळे मिटायचे, हाताची मूठ छातीशी धरायची. वटवट्याचा आवाज आला की एक बोट वर करायचं. दुसऱ्या दिशेनं वेगळा आला की दुसरं बोट. डोळे मिटायचे ते दोन कारणांनी. एक म्हणजे डोळे बंद असले की कान मोठे होतात. दुसरं, शेजाऱ्याचं बोट बघून आपलं वर करायची माणसाला खोड असते. बऱ्याच वेळानं मामा टोला द्यायचे. सगळ्यांनी डोळे उघडायचे, मामांनी सगळ्यांत शेवटी. आणि आकडा ठरायचा तो मामांच्या बोटांवरून. बाकीच्यांची बोटं वर असली आणि मामांचं नसलं, तर ते मोजायचं नाही. हा नियम कुणी लिहिला नव्हता. कान मामांचे होते, इतकंच.

आता या कानांचं काय झालं होतं ते घरात बायकोला कधीपासून ठाऊक होतं.

एकदा ती शेजारी जाताना सांगून गेली की अहो, कुकरच्या शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मामा पेपर वाचत कुकरच्या पुढ्यातच बसले होते. ती परत आली तेव्हा खालच्या डब्यातल्या डाळीचा कोळसा झाला होता आणि मामा शेवटच्या पानावर होते. शिट्टी बिघडली आहे असं मामांनी जाहीर केलं, आणि बाजारात जाऊन नवी शिट्टी आणली. पुढच्या आठवड्यात भात लागला. मामांनी दुकानदाराला चार शब्द सुनावून आणखी एक शिट्टी आणली. तेव्हा बायको फोनवर लेकीला म्हणाली की या घरात आता भांडी कमी आणि शिट्ट्या जास्त झाल्या आहेत. तेवढं मात्र मामांना स्वयंपाकघरातून ऐकू आलं.

“कान दाखवून या,” ती म्हणाली.

“कान शाबूत आहेत. लोकच पुटपुटायला लागलेत.”

“लोक पुटपुटतात, आणि कुकर?”

मामांनी पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

बायकोनं विषय सोडला, पण तोडला नाही. तिला कळत होतं की हा माणूस गुडघा दुखतो म्हणून सांगेल, दात पडला म्हणून हसेल, पण कान गेला म्हणणार नाही. तीस वर्षं इंजिनाच्या शेजारी उभं राहून जे एक सुख त्यानं कमावलं होतं, ते कानातून आत आलेलं होतं. कान गेले तर रविवार गेला. आणि रविवार गेला तर उरलेले सहा वार घेऊन हा घरात बसणार, या विचारानं खरं तर तीही जरा घाबरली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात पाणीखात्यानं बोरू कापला. सगळा नाही, अर्धा. पाटाचं तोंड तुंबतं असं कारण होतं. मशीन आली, दोन दिवसांत काठ हजामत केल्यासारखा बोडका झाला. मंडळाला कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतही नसते. उरलेला अर्धा पुढच्या खेपेला कापणार असं मशीनवाला जाता जाता सांगून गेला. मामांनी तेव्हाच अस्तन्या वर केल्या होत्या, पण नर्सबाई म्हणाल्या की थंडीतली गणती होऊ दे, मग हातात काहीतरी घेऊन जाऊ.

थंडी आली. गणतीच्या सकाळी धुकं होतं. मंडळी उरलेल्या बोरूसमोर रांगेत उभी राहिली, डोळे मिटले, मुठी छातीशी. मामांनीही मिटले. आणि त्यांना काहीच ऐकू आलं नाही. पाण्याची चुळबुळ नाही, किरकिर नाही, काही नाही. कापूस भरलेल्या उशीवर डोकं ठेवावं तशी शांतता. ते थांबले. आणखी थांबले. नेहमीपेक्षा इतका वेळ थांबले की पोस्टमनच्या पायाला मुंग्या आल्या. मग त्यांनी टोला दिला आणि शेवटी डोळे उघडले. रांगेतल्या एकूण एक मुठी बंद होत्या.

“गेले,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. “कापलं आणि गेले.”

नर्सबाई बुटांकडे बघत होत्या.

सोमवारी मामा पाणीखात्याच्या कचेरीत होते. कचेऱ्यांमध्ये एक खुर्ची असते, तिच्यावर बसवून माणसाला थंड करतात. मामा तिच्यावर बसले नाहीत. तळ्याचं काम बघणारे साहेब तिशी-पस्तिशीतले होते, स्वेटर घातलेला, सर्दी झालेली. मामांनी त्यांना उभ्यानंच ऐकवलं की तुमच्या मशीननं हजार कोसांवरून येणाऱ्या पाहुण्यांचं घर मोडलं, आता एकही आला नाही, आणि उरलेल्या अर्ध्याला हात लावाल तर मशीनच्या पुढे मी आडवा होईन, माझ्यावरून घाला. साहेबांनी नाक पुसलं. ते वाईट नव्हते. ते म्हणाले की मला पक्ष्यातलं काही कळत नाही, कावळा आणि चिमणी एवढंच. पण तुम्ही म्हणता तर मी येतो, दाखवा मला. मामा जिंकल्यासारखे बाहेर पडले. बाहेर शिपायाला त्यांनी चहा पाजला आणि पाणीखात्यातही माणसं असतात असं त्याला सांगितलं, जसं काही ते त्याला ठाऊक नव्हतं.

साहेब पुढच्या रविवारी खरंच आले, चकचकीत बूट घालून. मंडळ जमलेलं. मामांनी दोन टोले दिले आणि सगळे निघाले. साहेबांनाही टोल्यांचं शास्त्र समजावून झालं होतं, आणि ते बिचारे परीक्षेला बसल्यासारखे पाळत होते. कापलेल्या काठावरून, खुंटांमधून, उभ्या बोरूपाशी आले. एक टोला. थांबले. आज गणती नव्हती, डोळे मिटायचं कारण नव्हतं.

“ऐका,” मामा हळू आवाजात साहेबांना म्हणाले. “काही ऐकू येतंय? दरवर्षी या वेळेला इथं बाजार भरलेला असायचा. आता बघा. स्मशान केलंत.”

साहेबांनी मान तिरपी केली. नाक ओढलं. मग बोरूच्या मुळाकडे बोट केलं.

“मग हे काय किरकिरतंय?”

मामांना वाटलं साहेब थट्टा करतायत. त्यांनी रागानं रांगेकडे बघितलं, आणि तिथं त्यांना ते दिसलं. पोस्टमनचं एक बोट सवयीनं छातीशी वर आलेलं होतं आणि आता ते हळूच खिशात चाललं होतं. स्टुडिओवाला आकाशात बघत होता, आकाशात काही नव्हतं. कॉलेजातल्या बाईंनी मफलर तोंडावर ओढला होता. बोरूकडे पाठ करून, उघड्या डोळ्यांनी माणसांचे चेहरे बघायची ही मामांची इथली पहिलीच वेळ, आणि प्रत्येक चेहरा काहीतरी ऐकत होता.

“मामा,” नर्सबाई म्हणाल्या. दवाखान्यात नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात. “आहेत. निदान दोन आहेत. एक डावीकडे, खाली.”

मामांनी डावीकडे, खाली बघितलं. धुकं होतं, बोरू होता. त्यांच्यापुरती शांतता होती.

साहेब सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, “आहेत ना? चला, बरं झालं. म्हणजे कापल्यानं काही बिघडलं नाही. उरलेलं पण मग याच महिन्यात उरकून टाकतो.”

मामांनी थर्मास काठावरच्या कठड्यावर ठेवला. पंच त्याच्या शेजारी ठेवला. आणि कुणाकडे न बघता चालायला लागले. मागून कुणीतरी हाक मारली असेल. ती त्यांना ऐकू आली नाही, किंवा आली. त्या दिवशी दोन्ही सारखंच होतं.

घरी आल्यावर त्यांनी जोडे न काढता बाजेवर बसून सगळ्यांचा उद्धार केला. पोस्टमन लबाड. स्टुडिओवाला तर पहिल्यापासूनच तसला. नर्सबाईंकडून ही अपेक्षा नव्हती. हे सगळे माझ्या मागे हसत असणार, म्हाताऱ्याला कळत नाही म्हणून खेळ बघत असणार. बायको भाजी निवडत ऐकत राहिली. तिनं कानाचं नाव काढलं नाही. त्यांना जे कळायचं ते कळलं होतं, आणि जखमेवर मीठ चोळणं तिच्या स्वभावात नव्हतं. कुकरची गोष्ट वेगळी.

संध्याकाळी नर्सबाई थर्मास आणि पंच घेऊन आल्या. मामा भिंतीकडे तोंड करून बसले.

“मामा, इकडे बघा. बघितलं नाही तर मी काय बोलते ते कळणार नाही, आणि मला ओरडून बोलायला लावू नका. शेजारी ऐकतील.”

मामा वळले.

“किती दिवस चाललंय हे? हसत होता ना सगळे?”

“कोण हसणार? गणतीच्या दिवशी मी दोन बोटं वर केली होती. डोळे उघडले तर तुमची मूठ बंद. मला वाटलं माझ्या कानाला भास झाला. मी बोटं खाली घेतली. तुम्ही शेवटी डोळे उघडता, तुम्हाला ते दिसलंच नाही.”

“आणि बाकीचे?”

“सगळ्यांनी तेच केलं. आज चहा पिताना प्रत्येकानं कबूल केलं. पोस्टमनची तर तीन होती.” त्यांनी पंच मामांच्या हातात दिला. “तुमचं बोट वर नव्हतं मामा, म्हणून आम्ही आमचे कान खोटे धरले.”

मामा बराच वेळ पंच उघडत-मिटत बसले. लबाडी असती तर बरं झालं असतं. लबाडीवर रागावता येतं. पण इथं कुणी फसवलं नव्हतं. इतकी शहाणीसुरती माणसं, एकजण रात्रपाळी करून माणसं जगवते, एकजण गावातलं प्रत्येक दार ओळखतो, आणि एका माणसाची मूठ बंद बघून सगळ्यांनी स्वतःच्या कानांवर काट मारली. आणि हे त्यांना शिकवलं कोणी? मामांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तो राग होता की दुसरं काही, हे बायकोला चाळीस वर्षांनंतरही ओळखता येत नसे.

“त्या साहेबाला तुम्ही थांबवा,” ते शेवटी नर्सबाईंना म्हणाले. “मी कुठल्या तोंडानं जाऊ? स्मशान केलंत म्हणालो त्याला.”

“आम्ही जाऊन काय सांगणार? पक्षी नाहीत म्हणून तक्रार तुमची. पक्षी आहेत हे साहेबांनी स्वतः ऐकलं. आता आम्ही काही बोललो तरी त्यांना वाटणार, ही माणसं रोज नवं बोलतात.”

त्या गेल्यावर बायकोनं दिवा लावला आणि समोर येऊन बसली, उजेड तोंडावर पडेल अशी.

“उद्या जाताय ना?”

“मला कान नाहीत गं.”

“तोंड आहे ना,” ती म्हणाली. “ते तर कधी बंद पडलेलं मी बघितलं नाही.”

सकाळी मामा कचेरीत गेले. या वेळी ते त्या खुर्चीवर बसले. साहेब आले तेव्हा त्यांची सर्दी घशात उतरली होती. मामांनी त्यांना समोर बसायला सांगितलं, तोंड बघता येईल असं, आणि पहिल्यांदा जे सांगायचं ते सांगून टाकलं. पक्षी होते. मला ऐकू आले नाहीत. माझे कान गेलेत. तुम्हाला वाकडं बोललो ते परत घेतो.

साहेब अवघडले. असू द्या, असू द्या म्हणाले. त्यांच्या खुर्चीच्या आयुष्यात कुणी काही परत घ्यायला आलेलं नसावं.

“आता दुसरं ऐका,” मामा म्हणाले. “बसमधल्या अर्ध्या सीट काढून टाकल्या, तर माणसं बसमध्ये येतात का नाही?”

“येतात.”

“येतातच. एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी राहतात. म्हणून काही तुम्ही असं म्हणणार नाही की सीट काढल्यानं बिघडलं नाही, उरलेल्या पण काढा. ती आनंदानं चढत नाहीत साहेब. दुसरी बस नसते. मी तीस वर्षं बघितलंय.”

साहेब हसले, मग हसायचे थांबले.

“पण तिथं गर्दी आहे का मोकळं आहे, ते तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला तर...”

“मला नाही ऐकू येत. तुम्हाला येतं. काल सगळ्यांत आधी तुम्हीच ऐकलंत, आमच्या मंडळातल्या लोकांचीसुद्धा तोंडं बंद होती. तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तुम्ही या. उभं राहा. मोजा.”

साहेबांना असं कुणी म्हटलं नव्हतं. इतकी वर्षं ते त्या तळ्यावर जात होते ते मशीनबरोबर, आणि मशीन चालू असली की दुसरं काय ऐकू येणार? ते घसा खाकरत म्हणाले की पाटाचं तोंड तुंबतं हे खोटं नाही, तेवढी पट्टी मोकळी करावीच लागेल, ती मी सोडू शकत नाही. मामांचं डोकं पुन्हा फिरायच्या बेतात आलं. त्यांनी खिशातला पंच दाबून धरला. साहेब पुढे म्हणाले की बाकीचं मात्र हे पाहुणे परत जाईपर्यंत तसंच ठेवतो, आणि मग एका वर्षी एक तुकडा, दुसऱ्या वर्षी दुसरा, असं आलटून पालटून कापता येईल का ते बघतो. बघतो या शब्दावर मामांचा अजिबात विश्वास नव्हता. तो शब्द त्यांनी कचेऱ्यांमध्ये फार ऐकला होता. पण हा माणूस तो म्हणताना आपल्या बुटांकडे बघत होता, आणि बुटांना रविवारचा चिखल अजून लागलेला होता. मामा उठले. हात पुढे केला.

परतताना ते थेट नर्सबाईंच्या दवाखान्यात गेले आणि कान दाखवायला कुठल्या खोलीत जायचं ते दरडावून विचारलं.

कानामागे बसवायचं यंत्र आलं. ते घालून मामांना बरंच काही ऐकू यायला लागलं: कुकर, दाराची कडी, स्वतःच्या शर्टाची कॉलर, आणि बायको कपाट उघडताना मनाशी काय बोलते ते. शेवटचं ऐकून ते चकितच झाले. पण बोरूच्या मुळाशी चालणारी ती बारीक किरकिर यंत्रातही आली नाही. फार बारीक आवाज पुष्कळदा येत नाहीत, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी यंत्राला शिव्या घातल्या, डॉक्टरांना नाही. तेवढी सुधारणा झाली होती.

पाहुणे जायच्या आधीचा रविवार होता. पाटाच्या तोंडची पट्टी मोकळी झाली होती, बाकीचा बोरू उभा होता. मंडळी जमली, साहेबही आले, या वेळी जुने बूट घालून. आणि मामांबरोबर त्यांची बायको आली. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. रविवारी पहाटे घरात जी शांतता मिळते ती तिला पुरेशी होती. आज का आली, असं स्टुडिओवाल्यानं विचारलं. ती म्हणाली की घरी मी रोज वटवट करते, इथं दुसरं कोण करतं ते बघावं म्हटलं.

बोरूसमोर सगळे रांगेत उभे राहिले. मामा रांगेत नव्हते. ते रांगेच्या पुढे, तोंड माणसांकडे करून उभे राहिले, थर्मास बगलेत.

“आजपासून जरा बदल,” ते म्हणाले. “डोळे सगळ्यांनी मिटायचे. मी सोडून. आणि एकदा वर गेलेलं बोट खाली घ्यायचं नाही. कुणाकडेही बघून नाही. माझ्याकडे तर नाहीच.”

डोळे मिटले गेले. मुठी छातीशी आल्या. भरलेल्या बसमध्ये मागून पुढे येताना कंडक्टर एकेक चेहरा टिपत येतो, तसे मामा बघत गेले. आधी पोस्टमनचं बोट वर गेलं, मग नर्सबाईंचं, मग कॉलेजातल्या बाईंचं. साहेबांनी नाक ओढलं, कपाळाला आठी घातली आणि एकदम दोन बोटं काढली. आवाज मामांना येत नव्हता. पण तो येतोय हे त्यांना दिसत होतं. भुवया किंचित वर जातात, ओठ सुटतात, मान नकळत डावीकडे झुकते. इतकी वर्षं आपण डोळे मिटून उभे राहिलो आणि हे कधी बघितलंच नाही, असं त्यांना वाटलं.

टोकाला बायको उभी होती. पदर खोचलेला, डोळे घट्ट मिटलेले, लहान पोर औषध घेताना मिटतं तसे. तिची मूठ बंदच होती. मामा वाट बघत राहिले. तिची मान हळूच कलली. डावीकडे, खाली. तिच्या चेहऱ्यावर एक आश्चर्य आलं, आणि एक बोट वर गेलं. थोडं थांबून, स्वतःची खात्री करून घेत, दुसरं.

मामांनी पंच हातात घेतला. पण टोला दिला नाही. सगळी बोटं वर होती, कुणाला कुठं जायची घाई नव्हती. बस उभी राहू दे, ते मनाशी म्हणाले, आणि बघत राहिले.